मुक्त म्हणजे बेवारस नव्हे

इंग्रजी भाषेत ‘फ्री’ या एकाच शब्दाने स्वातंत्र्य आणि विनामूल्यता या दोन भिन्न कल्पना व्यक्त होतात. ‘फ्री सॉफ्टवेअर’विषयी जगभर जो गैरसमज पसरला, त्याचे मूळ पुष्कळ अंशी या द्व्यर्थी शब्दात आहे. मराठीला ही अडचण नाही. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन निराळे शब्द तिच्यापाशी आहेत. तरीही लिनक्स व तत्सम सॉफ्टवेअर वापरावयाचे ठरले, की संस्थाचालक आणि उद्योजक बहुधा दुसऱ्याच शब्दाच्या अंगाने विचार करतात. परवान्याचे पैसे वाचले, एवढ्यावर हिशेबाची वही मिटते. वास्तविक खरा हिशेब तेथून पुढे सुरू व्हावयाचा असतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त कार्यप्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला, तो पैसे वाचविण्यासाठी नव्हे. सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाचण्याचा, तीत बदल करण्याचा आणि ती इतरांना देण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असावा, ही त्यांची भूमिका होती. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच तत्त्वावरील परवान्याखाली खुला केला. हौसेने आरंभिलेल्या त्या कामाचा विस्तार आज थक्क करणारा आहे. जगातील सर्वांत शक्तिमान अशा ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते, आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. ज्याला लिनक्स हे नावही ठाऊक नाही, असा मनुष्यही दिवसातून अनेकदा त्याच्यावर विसंबून असतो.

तथापि, सॉफ्टवेअर ही एकदा आणून कपाटात ठेवावयाची वस्तू नव्हे. त्यात दोष आढळतात, त्यांवर दुरुस्त्या निघतात आणि त्या वेळेवर बसवाव्या लागतात. कोणास कोणत्या यंत्रावर प्रवेश आहे, नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड बंद झाला की नाही, माहितीची राखीव प्रत प्रसंगी खरोखर उघडते की नाही, हे कोणीतरी पाहावे लागते. हे काम नीट चालले असता कोणाच्या लक्षात येत नाही. आणि म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावर पडते.

त्याचे परिणाम किती दूरवर जातात, हे अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या उदाहरणावरून दिसून आले. ही कंपनी अपाचे स्ट्रट्स हे मुक्त सॉफ्टवेअर वापरीत होती. त्यातील एक गंभीर दोष ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाला. त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध होती आणि तिला मोल पडत नव्हते. कंपनीत तसे अंतर्गत पत्रक निघाले. परंतु पत्रक ज्यांना धाडावयाचे त्यांची यादीच जुनी होती आणि ज्यांनी दुरुस्ती बसवावयाची त्यांच्या हाती ते पडलेच नाही! मे महिन्यात चोर आत शिरले. पुढे सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीस गेल्याचे उघडकीस आले. येथे दोष सॉफ्टवेअर मुक्त असण्याचा नव्हता. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी आपले कर्तव्य बजावले होते; ज्याने ते विनामूल्य घेतले, त्याच्या घरात मात्र राखणदार जागेवर नव्हता.

दुसरा प्रसंग आश्वासनावर विसंबण्याचा आहे. रेड हॅट ही कंपनी लिनक्सच्या देखभालीचे शुल्क आकारते. तिच्याच संहितेवरून सिद्ध होणारी सेंटओएस ही प्रणाली मात्र विनामूल्य मिळे आणि असंख्य उद्योग व महाविद्यालये तीवर निर्धास्त होती. २०१४ साली हा प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली आला. सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील अशी अपेक्षा होती. परंतु डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत एकाएकी २०२१ अखेरपर्यंत आखडण्यात आली. अनेकांची तारांबळ उडाली. ज्या सेवेसाठी आपण दमडी मोजलेली नाही, ती बंद होताना दाद कोणाकडे मागावयाची?

परंतु याच घटनेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. संहिता मुक्त असल्यामुळे काही महिन्यांतच, २०२१ साली, अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स अशा दोन पर्यायी प्रणाली उभ्या राहिल्या. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या मालकाने दुकान आवरले असते, तर ग्राहकाला हात चोळीत बसावे लागले असते. देखभाल दोन्हीकडे अटळच आहे. परंतु मुक्त सॉफ्टवेअरमध्ये राखणदार बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे राहतो. मुक्ततेचे खरे मोल हे आहे.

हा अधिकार टिकावयाचा, तर मूळ झऱ्याकडेही लक्ष द्यावे लागेल. गावच्या विहिरीचे पाणी सारेच भरतात; गाळ उपसण्याची पाळी आली, की मात्र सारे एकमेकांकडे पाहू लागतात. ‘एक्सझेड’ या नावाची, माहिती आटोपशीर करून साठविणारी संहिता अगणित लिनक्स यंत्रांत वापरली जाते. तिची राखण मुख्यतः एकच मनुष्य, विनावेतन, करीत होता. मदतीचा हात पुढे करून एका टोपणनावधारी व्यक्तीने त्याचा विश्वास संपादिला आणि अखेर त्या संहितेत चोरवाट ठेवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याने त्याचा पिच्छा पुरविला आणि हे कारस्थान सर्वदूर पसरण्यापूर्वीच उजेडात आले. संहिता खुली होती म्हणून ते सापडले, हे खरे. पण एकाकी, थकलेल्या माणसावर साऱ्यांनी भार टाकला होता म्हणूनच ते घडू शकले, हेही तितकेच खरे.

भारत सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्हच होते. परंतु धोरण राबते ते शेवटी कार्यालयाच्या टेबलावर. शाळा-महाविद्यालयांत व पतसंस्थांत खुर्च्या आणि पंखे यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात न चुकता होते. मग कोणत्या यंत्रावर कोणते सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या दुरुस्त्यांची मुदत केव्हा संपते, याची नोंद का असू नये? जबाबदार माणसाचे आणि त्याच्या बदलीच्या माणसाचे नाव, दुरुस्तीचा ठरलेला दिवस, राखीव प्रत उघडून पाहण्याचा प्रघात, एवढ्या गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही. वाचलेल्या परवानाशुल्काचा काही अंश राखणदाराच्या वेतनावर आणि प्रशिक्षणावर, तर थोडा ज्यांच्या श्रमावर हा डोलारा उभा आहे त्यांच्या साहाय्यार्थ खर्च झाला, तर त्याला उधळपट्टी म्हणता येणार नाही.

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण व्यवहारात चालून जात असेल. संगणकाच्या कारभारात तिच्यावर विसंबता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यास मालकाचे अधिकार देते. मालकाची कर्तव्ये मात्र ज्याची त्यालाच पार पाडावी लागतात.