हिरव्याचं पिवळं होताना

नगरच्या केडगावात किंवा बोल्हेगावात जमिनीची चौकशी केली, तर माणूस भावाआधी रंग सांगतो. ‘यलोत आहे’, नाहीतर ‘अजून ग्रीनलाच आहे’. विकास आराखड्याच्या नकाशावर रहिवासी विभाग पिवळा आणि शेती विभाग हिरवा असतो. रंग बदलला की एकराची भाषा संपते, गुंठ्याची सुरू होते.

हे कसं घडतं ते पाहायचं तर हरकतींच्या सुनावणीला जाऊन बसावं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल करायचा असेल, तर महापालिका राजपत्रात सूचना काढते, 30 दिवस हरकती-सूचना मागवते, लोकांचं ऐकून घेते आणि प्रस्ताव शासनाकडे पाठवते. मंजुरी मंत्रालयातून येते.

भाषणबाजीला इथे वाव नसतो. टेबलावर भाग नकाशा पसरलेला असतो आणि रचना सहायक पट्टी लावून गटाची हद्द शोधतो. शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीतून सात-बारा आणि मोजणीची नक्कल काढतो. नकाशा त्याला परका. त्याला ओळखीचा असतो तो बांध. ‘हा ओढा, त्याच्या खालच्या अंगाला आमची विहीर,’ असं म्हणून तो बोट टेकवतो, तेव्हा त्या बोटाखाली चार गट झाकले जातात. विहिरीवरून डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला रस्ता, गेलेला असतो. तो शेजारच्या बांधावरून घ्या, अशी त्याची विनंती. आणि शेजारी त्याच बाकावर आपल्या नंबराची वाट पाहत बसलेला. जो तो आपल्या गटापुरतं बोलतो. उद्या त्या पिवळ्या पट्ट्यात भाड्याने राहणारा, नागापूरच्या एमआयडीसीत पाळी करणारा कामगार मात्र तिथे नसतो. त्याच्या नावावर गटच नाही!

वाद रंगावर होतो, पण किती माणसं राहणार हे ठरतं रस्त्याच्या रुंदीवर. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत महापालिका क्षेत्रासाठी मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, 1.1 आहे. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथेच थांबायचं. 9 मीटरच्या रस्त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) चढवून 2 पर्यंत जाता येतं, आणि रस्ता जसा रुंद तशी मर्यादा वर सरकते. थोडक्यात, तीस फुटांचा रस्ता सोडायला कोण तयार आहे, यावर इमारतीची उंची ठरते.

‘शेती वाचवा, हिरवं हिरवंच ठेवा’ ही हरकत ऐकायला चांगली वाटते. मला ती पटत नाही. हिरवा रंग घरं थांबवत नाही, फक्त रस्ता आणि गटार थांबवतो. हिरव्यातही गुंठे विकले जातात; कुठे साठेखतावर, कुठे नुसत्या नोटरीवर. बैलगाडीच्या वाटेला रस्ता म्हटलं जातं आणि मुळा धरणाचं पाणी तिथवर पोचायच्या आत घरांना पत्रे चढतात. मग नियमित करण्यासाठी कायदा करावा लागतो. गुंठेवारीचा कायदा 2001 मध्ये आला, आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत ओढली गेली.

याचा अर्थ सगळंच पिवळं करावं असा नाही. सीना नदीकाठची जमीन घ्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा यांचे निर्बंध झोन बदलला म्हणून पुसले जात नाहीत. तिथे घर घेणाऱ्याने पिवळा रंग पाहून हुरळून जाऊ नये.

एरवी असे विषय महासभेत गाजतात. नगरमध्ये मात्र डिसेंबर 2023 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, महापालिकेवर प्रशासक आले आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत महासभेचे अधिकारही त्यांच्याकडेच होते. सभागृह बंद असताना नागरिकाकडे उरते ती लेखी हरकत.

तेव्हा तुमच्या भागाची सूचना निघाली, तर आपला गट पिवळ्यात आला का एवढंच पाहून थांबू नका. समोरचा रस्ता किती मीटरचा दाखवलाय, शाळेचं आणि बागेचं आरक्षण कुठे आहे, ते बघा. हरकत 30 दिवसांच्या आत लेखी द्या आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.