सेलेनियम : गंधकाचा भाऊबंद

गंधक आपल्या परिचयाचे आहे. फटाक्यांच्या दारूत, खरजेच्या मलमात, द्राक्षांच्या वेलींवर धुरळल्या जाणाऱ्या पिवळ्या भुकटीत ते आढळते. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत गंधकाच्या लगेच खालचे घर सेलेनियमचे आहे. या दोघांचे साम्य इतके निकटचे आहे की वनस्पतींची मुळेही त्यात फसतात. सेलेनियमचे गुण आणि दोष या दोहोंचे मूळ या भाऊबंदकीत आहे.

सेलेनियमचा शोधही गंधकाच्या संगतीतच लागला. 1817 साली स्वीडनमधील ग्रिप्सहोम येथे गंधकाम्लाच्या एका कारखान्यात तळाशी तांबूस गाळ साचत असे. बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाला तो प्रथम टेल्युरियमचा वाटला. परंतु बारकाईने तपासता ते निराळेच मूलद्रव्य ठरले. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून पडले होते, म्हणून या नव्या द्रव्याला ग्रीकांच्या चंद्रदेवतेचे, सेलेनेचे नाव मिळाले.

दोन्ही मूलद्रव्यांच्या अणूंच्या बाह्य कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात. साहजिकच त्यांची संयुगे एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसतात. गंधकापासून सल्फेट होते, तसे सेलेनियमपासून सेलेनेट. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो. हायड्रोजन सेलेनाइड त्याहून उग्र आणि अधिक विषारी आहे. तथापि स्वभावात फरक आहेच. सेलेनियमची संयुगे आपला प्राणवायू अधिक सहजतेने सोडतात. तप्त सेलेनिक अम्लात सोने विरघळते. गंधकाम्लाला ते साधत नाही. सेलेनियम डायऑक्साइडच्या द्रावणात सल्फर डायऑक्साइड वायू सोडला, की तो त्यातील प्राणवायू हिरावून घेतो आणि सेलेनियमचा तांबडा साका खाली बसतो. तांब्याच्या शुद्धीकरणातील गाळापासून सेलेनियम मिळविण्यास हीच क्रिया उपयोगी पडते.

या संयुगांचे उपयोग अनेक आहेत. सेलेनियम डायऑक्साइडच्या साहाय्याने रसायनशास्त्रज्ञ कार्बनी पदार्थांचे नेमक्या जागी ऑक्सिडीकरण करतात. कॅडमियम, गंधक व सेलेनियम यांच्या संयुगाने काचेला लालभडक रंग येतो. डोक्यातील कोंड्यावरच्या औषधात सेलेनियम सल्फाइड असते. खुद्द करड्या सेलेनियमवर प्रकाश पडला की त्याची विद्युद्वाहकता वाढते, हे विलोबी स्मिथ यांनी 1873 साली जाहीर केले. पुढे छायाप्रती काढणाऱ्या पहिल्या यंत्रांत सेलेनियमचाच लेप वापरला गेला.

परंतु या द्रव्याचा सर्वांत नाजूक व्यवहार चालतो तो आपल्या शरीरात. पेशींत निर्माण होणाऱ्या घातक पेरॉक्साइडांचा नाश करणाऱ्या एका विकरात सेलेनियम असते, हे 1973 साली सिद्ध झाले. गंधकापेक्षा ते अधिक चपळाईने इलेक्ट्रॉन देते, म्हणून या कामी निसर्गाने त्याची निवड केली असावी. ते अपुरे पडले तर काय होते, हे चीनमधील केशान परगण्यात दिसले. तेथील जमिनीत सेलेनियम अत्यल्प असल्याने मुलांना हृदयाचा विकार जडत असे. 1970 नंतरच्या दशकात सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्यावर त्याला पुष्कळ आळा बसला.

याच्या नेमकी उलट स्थिती पंजाबातील होशियारपूर व नवांशहर या भागांतील काही शेतांत आहे. तेथील मातीत सेलेनियम जादा आहे. गव्हाची मुळे सेलेनेटला सल्फेट समजून आत घेतात. दाण्यातील प्रथिनांत गंधकाच्या जागी सेलेनियम जाऊन बसते. तो चारा खाणाऱ्या गुरांचे केस झडतात, खूर निखळतात. केस, नखे व खूर ज्या प्रथिनाचे बनतात त्याची घट्ट वीण गंधकाच्या सांध्यांवर अवलंबून असते. तोतया सेलेनियममुळे ती सैल पडत असावी, असे मानले जाते.

2024 च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्याच्या काही गावांत माणसांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या पाहणीत रुग्णांच्या रक्तात आणि रास्त भावाच्या दुकानांतून मिळालेल्या गव्हात सेलेनियम फार आढळले, आणि हा गहू पंजाबच्या बाजूने आला असावा, असे मत त्यांनी मांडले. ते ग्राह्य धरले, तर एका प्रांतातील मातीचा दोष शेकडो मैलांवरच्या ताटात उतरतो, असे म्हणावे लागेल. असे सेलेनियम दाण्याच्या अंगातच मुरलेले असते. धुऊन ते जात नाही. म्हणून धान्याची तपासणी शेताजवळ आणि कोठारातच व्हावयास हवी.

यावरील एक उपाय त्या भाऊबंदकीनेच सुचविला आहे. अशा शेतांत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट टाकले, की मुळांपाशी खऱ्या सल्फेटची गर्दी होते आणि सेलेनेटला आत शिरण्यास वाव कमी मिळतो.

अमेरिकेत 2000 साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला रोज 55 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते, आणि 400 ही त्याची वरची मर्यादा होय. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पोषण आणि विष यांत इतकेच अंतर असल्याने, सेलेनियमच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावाचून कोणीही घेऊ नयेत.