ठाण्याच्या खाडीतले ताजिक

अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून वालधुनी वाहते आणि कल्याणपाशी उल्हास नदीला मिळते. बदलापूरकडून येणारी उल्हास पुढे खाडी होऊन वसईला समुद्र गाठते. वालधुनीतलं आजचं कारखान्यांचं पाणी पाहिलं की हे खोरं मोठ्या दर्यावर्दी व्यापाराचं परसदार होतं, हे कुणाला पटू नये. पण मंदिराच्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे साल आणि शिलाहार राजा मामवाणीचं नाव आहे. ठाणे, सोपारा, चौल ही बंदरं त्याच घराण्याची होती आणि तिथे अरब व्यापाऱ्यांचा राबता तेव्हाही जुनाच होता.

इराणच्या आखातातल्या सिराफहून आणि ओमानहून त्यांची गलबतं यायची. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्यानं शिवलेल्या असत. साग बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचा. येताना घोडे, जाताना साग आणि कापड. ठाण्याच्या आसपासच्या बांबूंतलं वंशलोचन दूरदूरच्या देशांत जातं, असं बाराव्या शतकातला भूगोलकार अल् इद्रिसी नोंदवतो. परतीसाठी ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबणं भाग असे. या मुक्कामांतूनच वस्त्या झाल्या, घरं झाली, सोयरिकी झाल्या.

इ.स. 916 च्या सुमारास अरब प्रवासी अल् मसूदी चौलला आला, तेव्हा त्याला तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान आढळले. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक होते आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे तंटे सोडवायला राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमत असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. परक्या व्यापाऱ्याला आपल्या राज्यात त्याच्या रिवाजानं न्याय मिळू देणं, याला मी नुसती उदारता म्हणणार नाही. जकातीवर डोळा असलेल्या राजाचं ते शहाणपण होतं.

सगळं गोडीगुलाबीनं चालत होतं असंही नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो लिहितो, की ठाण्याच्या राजाचं चाच्यांशी साटंलोटं आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा.

पण सर्वांत बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. शके 848 च्या, म्हणजे इ.स. 926 च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा संजाणचा अधिकारी आहे मधुमती ऊर्फ सुगतिप. तो ‘ताजिक’, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप मानतात. त्यानं आजूबाजूच्या बंदरांत आपली माणसं बसवली, दोन नद्यांवर फुकट तर सुरू केली आणि संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. एवढंच नाही, तर एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठिकेला सम्राट तिसऱ्या इंद्राच्या संमतीनं त्यानं एक गाव आणि थोडी जमीन दिली. अरबांचा कोकणातला इतिहास घोडे नि जकातीपुरता सांगणाऱ्यांनी हा ताम्रपट एकदा वाचावाच.

मठिका पुढेही चालू राहिली. इ.स. 1034 मध्ये शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याने तिच्या दिव्यासाठी आणि तिथल्या विद्वानांच्या पायांना लावायच्या तेलासाठी एक घाणा दान दिला.