गिरणगावातले ठरलेले ताट

महालक्ष्मीच्या शक्ती मिल लेनमध्ये, लक्ष्मी वूलन मिलच्या जुन्या आवारात, २०१६ साली ‘मास्क’ हे रेस्टॉरंट सुरू झाले. अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी ते उभे केले. तेथे पदार्थांची लांबलचक यादी पुढे करून ‘काय आणू?’ असे विचारत नाहीत. स्वयंपाकघराने ठरवलेले दहाएक पदार्थ एकामागून एक येतात. या पद्धतीला ‘टेस्टिंग मेन्यू’ म्हणतात. लडाखच्या सीबकथॉर्नसारखे, आपल्याच देशात पिकणारे पण शहरी ताटात न दिसणारे घटक हा त्याचा पाया. फोर्टच्या किताब महल इमारतीत शेफ नियती राव यांनी २०२१ साली भागीदारीत सुरू केलेले ‘एका’ हेही घटकांनाच केंद्रस्थानी ठेवते. तेथे तर स्वयंपाक करणारीच मालकीण आहे.

अशा जागांविषयी लिहिताना ‘नवी संकल्पना’ हा शब्द सर्रास वापरला जातो. गिरणगावच्या खाण्यापिण्याचा मागोवा घेताना मला तो पटेनासा झाला. रांधणाऱ्याची मालकी, ताट त्यानेच ठरवायचे आणि बाजारात जे आले त्यावरून ठरवायचे, ही तिन्ही लक्षणे लालबाग-परळच्या खानावळीत होती. वेगळी होती ती पैशाची दिशा.

कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुले गावी ठेवून चाळीतल्या एका खोलीत अनेकांबरोबर राही. जेवणासाठी तो महिन्याच्या बोलीवर खानावळ लावी. पुष्कळदा ती शेजारच्याच खोलीत एखादी बाई चालवत असे. रत्नागिरीकडच्याला सुकट, कुळथाची पिठी, आमसुलाचे सार. साताऱ्याकडच्याला भाकरी आणि झणझणीत कालवण. खानावळ लावताना माणूस एकेक पदार्थ निवडत नसे, आपला मुलूख निवडत असे. यातले फारसे काही परळच्या मातीत पिकत नव्हते. ‘स्थानिक’ म्हणजे ‘आमच्याकडचे’, एवढाच त्याचा अर्थ होता. मासळी तेवढी वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांमुळे खरोखर हाकेच्या अंतरावर होती. त्यामुळे लडाखचे फळ आज महालक्ष्मीत ‘आपले’ म्हणून वाढले जाते, याचे नवल वाटायला नको. ‘आमच्याकडचे’ची हद्द जिल्ह्यावरून देशापर्यंत गेली, इतकेच.

आता ताट आधीच का ठरवायचे ते पाहू. हंगामी माल रोज सारखा येत नाही. शेवळांचे उदाहरण घ्या. पहिल्या पावसाबरोबर ती दादरच्या बाजारात दिसू लागतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशी होतात. कधी चार जुड्या येतात, कधी एकही नाही. शिवाय ती निवडायला ज्ञान लागते. खाजरा भाग काढून टाकावा लागतो आणि खाज मारायला काकडाची फळे किंवा चिंच-आमसूल घालावे लागते. चाळीस पदार्थांची यादी छापणाऱ्या हॉटेलला असला माल परवडत नाही. यादीतल्या प्रत्येक पदार्थासाठी साठा करावा लागतो आणि न खपलेले फेकावे लागते. पण उद्या किती पाने मांडायची हे आज ठाऊक असेल आणि पानात काय वाढायचे हे आपल्या हातात असेल, तर चार जुड्यांचेही सोने होते. खानावळीत ही संख्या महिन्याच्या गिऱ्हाइकांमुळे कळत असे, आज ती आगाऊ आरक्षणामुळे कळते. हिशेब एकच आहे.

आता पैशाकडे येऊ. आरक्षणाच्या वेळीच रक्कम किंवा अनामत घेण्याची पद्धत महागड्या रेस्टॉरंटांत रूढ आहे. म्हणजे भाजी आणण्याआधी पैसा हातात येतो. या धंद्यातला ढोबळ आडाखा असा, की ताटाच्या किमतीतला साधारण एक-तृतीयांश वाटा कच्च्या मालाचा. उरलेल्यातून भाडे, पगार आणि नफा निघतो. खानावळवालीचे सगळे उलटे. ती वाण्याकडून उधारीवर किराणा आणी, महिनाभर जेवू घाली आणि कामगाराचा पगार झाला की पैसे घेई. मधल्या तीस दिवसांचे भांडवल तिचे आणि त्यावरचे व्याजही तिच्याच माथी. गिरणीने महिनाअखेर पगार द्यायचा आणि तोवर कामगाराला एका बाईने पोसायचे, अशी ती व्यवस्था होती. गिरणीच्या ताळेबंदात तिचा रकाना नव्हता.

ही कोंडी नेमकी ओळखली ती प्रेमाताई पुरव यांनी. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, खानावळवाल्या बायकांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या तावडीतून सुटण्याची वाट त्यातून निघाली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि त्यांच्याबरोबर खानावळींची उधारीही अडकली. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जागेवर आज कार्यालये आहेत, मॉल आहेत आणि रेस्टॉरंटेही.

हे सांगण्यात नव्या शेफना कमी लेखण्याचा हेतू नाही. विस्मरणात चाललेल्या रानभाजीला मानाचे पान मिळते, तरुण मुले तिचे नाव विचारतात, हे मोलाचेच आहे. माझा प्रश्न साखळीच्या दुसऱ्या टोकाविषयी आहे. पालघर-शहापूरकडून पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन येणाऱ्या बाईचा माल नाशवंत असतो. दिवस मावळला की मिळेल तो भाव घ्यावा लागतो. जोखीम आजही तिच्याच डोक्यावर आहे, जशी काल खानावळवालीच्या होती. शेवळे कुठली, कशी ओळखायची, खाज कशी घालवायची, हे ज्ञान मुळात तिचे.

म्हणून ‘आम्ही स्थानिक घटक वापरतो’ असे कोणी म्हणाले, की मी दोनच गोष्टी विचारतो : हंगामाआधी भाव ठरवून ठराविक माल उचलण्याची हमी तिला दिली का? आणि पाहुण्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशातला काही भाग तिच्यापर्यंत आगाऊ पोहोचला का? ताट ठरवण्याचा हक्क रांधणाऱ्याला मिळाला, हे चांगले झाले. त्या ताटाची जोखीम वाटून घेणे अजून बाकी आहे.