पोरं नोकरीत टिकत का नाहीत?

मी कळव्याहून बोलतेय. बचत गटांचं काम करते, त्यामुळे शहापूर-मुरबाडकडच्या तायांशी रोजचं बोलणं असतं. हल्ली गटात कर्जाच्या हप्त्याचा विषय निघाला की मागोमाग दुसरा विषय निघतोच. "मुलगा भिवंडीला गोडाऊनला लागला होता, चार महिन्यांत सोडून आला. आता हप्ता कुठून भरू?" मग सगळ्याच बोलायला लागतात. आजकालच्या पोरांचं एका जागी बूड टेकत नाही, साहेब जरा ओरडला की आलेच घरी. आमच्या वेळी असं नव्हतं.

आमच्या वेळी काय होतं, ते आधी बघू या.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एकाच कारखान्यात तीस-तीस वर्षं काढलेली माणसं कळव्यात आजही भेटतात. पाळी कुठलीही असो, डबा घेऊन वेळेवर गेटवर हजर. त्याचं कौतुक आहेच. पण त्या टिकण्याला मोल मिळत होतं. कायम झालं की पीएफ, आजारपणाला ईएसआय, दिवाळीला बोनस, वर्षाला पगारवाढ आणि पाठीशी युनियन. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी आली. सलग पाच वर्षं झाली की प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये धरले, तर पाच वर्षांचे ३७,५०० होतात. म्हणजे माणूस टिकत होता, कारण टिकण्यात फायदा होता.

आता तुमच्या मुलाची गोष्ट घ्या. त्याला कंपनीने घेतलेलं नसतं, ठेकेदाराने घेतलेलं असतं. काही महिने झाले की मध्ये ब्रेक देतात आणि पुन्हा नव्याने लावतात. पुष्कळ ठिकाणी तीन वर्षं राबलेल्या पोराला आणि काल आलेल्या पोराला पगार सारखाच. मग शेजारच्या गोडाऊनला हजार रुपये जास्त मिळत असतील तर तो जाणारच. आपण भाजी नेताना काय करतो? ज्या बाजारात भाव बरा, तिकडे टोपली. त्याला कुणी आपल्याला आळशी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट या मुलांनी घरात ऐकलेली असते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कामावर गेलेच नाहीत. पुढे ठाण्याकडचेही बरेच कारखाने एकेक करून बंद पडले. आयुष्यभर एका गेटवर हजेरी लावलेला आजोबा शेवटी रिकाम्या हाताने घरी बसला, हे ज्या घरात घडलं, तिथल्या नातवाला "टिकून राहा, कंपनी तुझं भलं करेल" हे पटायचं कसं?

मोबाइलवरून ऑर्डर घेऊन सामान पोचवणाऱ्यांचं तर त्याहून वेगळं. त्यांच्याकडे काम आहे, पण नोकरी म्हणावी असं काही नाही. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात अशा कामगारांचा आकडा ७७ लाख दिला होता. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, पडला-झडला तर औषधपाणीही बहुतेक स्वतःचंच. तो दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर असतो. त्याला कामचुकार कसं म्हणायचं?

मुलींचं बोलायचं तर तिथे आपल्याच तोंडी एक वाक्य असतं: "आम्ही तापातही कामावर गेलो." गेलो, कारण खाडा झाला की पैसे कापले जायचे. तुमच्या मुलीचा ईएसआय कापला जात असेल आणि तिची हजेरी पुरेशी भरली असेल, तर डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणाचे ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ती ताप आला म्हणून घरी राहिली तर तो तिचा हक्क आहे, नखरा नव्हे.

पण पोरांचं सगळंच बरोबर, असं मी म्हणणार नाही. न सांगता, फोन बंद करून घरी येऊन बसायचं, हे मला अजिबात पटत नाही. त्यात राहिलेला पगार बुडतो, तो वेगळाच. आणि मोठं नुकसान होतं पीएफचं. नोकरी सुटली की पहिलं काम पैसे काढायचं! अहो, मालकाने भरलेल्या पैशातला एक भाग पेन्शनचा असतो. नोकऱ्या कितीही बदला, सगळी मिळून दहा वर्षं भरली तर ५८ व्या वर्षापासून महिन्याची पेन्शन लागते. पेन्शनचा पैसा मध्येच काढून घेतला की मागची वर्षं पुसली जातात आणि पुन्हा एकपासून मोजायला लागतं. म्हणून नोकरी बदलली तरी यूएएन नंबर तोच ठेवायचा आणि जुनं खातं नव्यात वळवून घ्यायचं. दर वेळी नवा नंबर काढू देऊ नका.

तेव्हा मुलगा घरी आला की "का सोडलंस?" याच्या आधी दुसरं विचारा. नेमणुकीचं पत्र दिलं होतं का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात हे पत्र देणं बंधनकारक आहे. मुदतीच्या करारावर थेट घेतलेल्याला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, तेव्हा अकराव्या महिन्यात सोडत असेल तर जरा थांबवा. पगारातून पीएफ कापला, तो खात्यात पडला का? मोबाइलवर दिसतं, त्यालाच दाखवायला सांगा. पत्र नाही, पीएफ नाही, जादा तासांचे पैसे नाहीत अशी नोकरी त्याने सोडली असेल तर माझ्या मते बरंच केलं. पीएफ नसलेल्यांनी ई-श्रमवर नाव नोंदवावं. आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन सेवा केंद्रात गेलं की काम होतं.

आणि गटाने कर्ज देताना हप्ता मुलाच्या नव्या पगारावर ठरवू नका. पहिले सहा महिने तो पगार नाहीच असं समजा. ताईचं दूध, कोंबड्या, शिवण, जे हातात आहे त्यावर किती झेपेल ते बघून आकडा लिहा. पोराने पाठवले तर जास्तीचे भरता येतातच.