कोंबडी मागे मागे का येते?
(ऊस विकास विभागाकडून)



ऊस विकास विभागाच्या या पानावर दर वेळी बेणे, खत आणि खोडवा यांची चर्चा असते. या खेपेस विषय सांदवाडीतला आहे. कारण तसेच घडले.

लागणीची पाहणी करायला एका सभासदाच्या वावरात गेलो होतो. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी डबा घेऊन आली, आणि तिच्या मागे एक तांबडी कोंबडी. पोरगी थांबली की कोंबडी थांबे, चालली की चाले. पोरीने विचारले, "साहेब, हे काऊन माह्या मांगं मांगं येते?" मी हसलो आणि म्हणालो, "तुझ्यावर जीव आहे तिचा." सऱ्या उघड्या होत्या, त्यात दाणेदार औषध टाकलेले होते. एकरी किती टाकायचे ते मी सांगितले होते, पण पाखरांचे काहीच बोललो नव्हतो. संध्याकाळपर्यंत कोंबडी लुळी पडली आणि गेली. पोरीच्या प्रश्नाचे नीट उत्तर त्या दिवशी मी दिले असते, तर तिची कोंबडी कदाचित वाचली असती. ते उत्तर आता लिहितो.

मागे येणे कुठून येते?

आपली घरची कोंबडी मूळची रानातली. जगातल्या साऱ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. रानात पिल्लू आईपासून दुरावले की संपलेच. म्हणून अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत समोर जे हलते-चालते दिसेल, ते पिल्लू मनात ठसवून घेते आणि त्याच्या मागे जाते. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज अभ्यासकाने १८७३ साली हे लिहून ठेवले. पिल्लांच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याने पाहिले. लवकर टोपी काढलेली पिल्ले त्याच्या मागे धावत, पण जवळजवळ चार दिवसांनी काढली तर त्याला पाहून घाबरून पळत. पुढे कोनराड लॉरेन्झ यांनी हंसाच्या पिल्लांवर हाच अभ्यास केला. १९७३ साली ज्या तिघा प्राणी-अभ्यासकांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात ते होते.

आपल्याकडच्या बायाबापड्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतात. कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत निघते, बदकाचे साधारण २८ दिवसांत. निघालेली बदकपिल्ले कोंबडीलाच आई मानतात. मात्र बोडी दिसली की सरळ पाण्यात उतरतात, आणि कोंबडी काठावर ओरडत येरझारा घालते. आई कोण हे पिल्लू शिकते, पण पोहणे ते जन्मतःच घेऊन येते.

हातावर वाढवलेले पिल्लू माणसालाच आपला कळप समजते. मोठेपणी त्यात खाण्याची आठवण मिसळते. दाणे टाकणारा हात कोंबडी बरोबर ओळखते. याला माया म्हणायचे की सवय, यावर वाद नको. त्या पाखराला आपल्याजवळ सुरक्षित वाटते, एवढे खरे.

काही खुणांचा अर्थ मात्र वेगळा असतो. आपण जवळ गेलो की अंड्यावरची कोंबडी पंख थोडे पसरून खाली बसते. लोकांना वाटते, कुरवाळून घ्यायला बसली. खरे तर कोंबडा जवळ आल्यावर ती जशी बसते, तशीच ती इथे बसते. धुळीत आडवी पडून पाय झाडते, तेव्हा ती आजारी नसते, धुळीची अंघोळ करत असते. त्याने पिसे साफ राहतात. बदके मान खालीवर करत घोळका करतात, ती त्यांची आपसातली बोली. बदक कळपाचे पाखरू आहे. एकटे ठेवले तर ओरडत राहते, म्हणून निदान जोडी तरी पाळावी.

चोच म्हणजेच हात

कोंबडी बटण, जोडवे, बांगडी, जे चमकेल त्यावर चोच मारते. बदक धोतराचा काठ चावून पाहते. हा खोडसाळपणा नव्हे. पाखराला हात नाहीत, वस्तू पारखायची ती चोचीने. बदकाच्या चोचीच्या टोकाला स्पर्शाची जाण फार, म्हणून गढूळ पाण्यातही त्याला खाणे सापडते. शिवाय पाखरांना दात नसतात. दाणा दळायला कोंबडी बारीक खडे गिळते, ते पोटातल्या पेटीत जात्याचे काम करतात.

आता दाणेदार औषध डोळ्यांपुढे आणा. दिसायला बारीक खडा, नाही तर दाणा. नांगरट झाली की हुमणी टिपायला कोंबड्या सरीत येतात, तिथेच तो पडलेला. कोंबडीची चौकस बुद्धी तिला रानात जगवते, आणि आपल्या वावरात तीच तिचा जीव घेते.

म्हणून एवढे सांभाळा

१. दाणेदार औषध टाकले की लगेच मातीआड करा आणि हलके पाणी द्या. सांडलेले दाणे गोळा करून पुरा. पिशवीवरच्या सूचना वाचा. फिप्रोनिल कोंबडीवर्गातल्या पाखरांना फार विषारी आहे.

२. फोरेटवर २०२० च्या अखेरपासून बंदी आहे. घरात जुनी पिशवी उरली असेल तर वापरू नका.

३. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष बिळात घालून तोंड बुजवा. बांधावर उघडे ठेवू नका.

४. त्या दिवसांत कोंबड्या डाल्याखाली नाही तर खुराड्यात ठेवा. मागे येणारी लाडकी असेल तर आधी तिला कोंडा, मग पोरांना डबा घेऊन पाठवा.

५. रोज हातात न येणारी कोंबडी एके दिवशी सहज धरू दिली, तर ते प्रेम समजू नका. पाखरू दुखणे लपवते, आणि लपवता येईनासे झाले की गप्प बसते. हिरवी हगवण, धाप, मान वाकडी होणे ही मानमोडीची लक्षणे. ती लागल्यावर इलाज नाही, आधीची लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. एकदम बरीच पाखरे मेली तर खाऊ नका, विकू नका, दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

६. पोरे कोंबडीला तोंडाजवळ धरतात. खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा.

सांदवाडीतल्या चार कोंबड्या म्हणजे घरच्या बाईची गाठीची रक्कम असते. मीठ-मिरची, पोरांची वही-पाटी त्यातूनच निघते. उसाचा हप्ता यायला वेळ लागतो, अंडे मात्र रोज हाती येते. तेव्हा औषध टाकण्याच्या आदल्या दिवशी ही गोष्ट घरात सांगावी, आणि शेजारच्या वावरवाल्यालाही कळवावी.

त्या पोरीकडे या दिवाळीत एक नवे पिल्लू आहे. तेही तिच्या मागे मागे येते. यंदा तिच्या बापाने लागणीच्या आधी मलाच विचारले, "साहेब, कोंबड्या किती दिवस कोंडू?"

— ऊस विकास अधिकारी