सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग माणूस का बदलला?

चाकण एमआयडीसीलगतच्या महाळुंगेत खोल्या भाड्याने घेऊन शिफ्ट करणारे कामगार खूप. त्यातल्या एखाद्याची दुचाकी घसरते, डोक्याला मार लागतो, सीटी स्कॅन नॉर्मल येतो आणि तो कामावर परततो. काही आठवड्यांनी चिडचिड, विसरभोळेपणा, कामाचा क्रम चुकणे सुरू होते. ‘डोकं फिरलंय त्याचं’ म्हणून विषय संपवला जातो.

सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसते. मेंदूतील बारीक तंतूंची इजा बहुधा दिसत नाही. राग आवरणे, नियोजन करणे ही कामे मेंदूच्या पुढच्या भागाची. तिथे मार बसला की ‘स्वभाव’ बदलतो.

न्यूरोसायकियाट्रीच्या ओपीडीत नेमके हेच तपासतात. दाखल व्हावे लागत नाही. डॉक्टर झोप, फिट, दारू, औषधे विचारतात. मग घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, 100 मधून 7 वजा करत जा. ‘मोका’ ही चाचणी 30 गुणांची, साधारण 10 मिनिटांची. गरजेनुसार बी-12, थायरॉइड, एमआरआय, ईईजी.

पण एवढ्याने भागत नाही. स्वतःतला बदल रुग्णाला अनेकदा जाणवतच नाही. तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो, आणि खोटे बोलत नसतो. म्हणून आधीचा माणूस ओळखणारा कुणीतरी सोबत हवा. घरचे गावी असतील तर रूम पार्टनरला न्या, डॉक्टरांसमोरच घरी फोन लावा. रात्रपाळी, मशिन आणि दुचाकी पुन्हा कधी, हेही विचारून घ्या.

वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा फिट आल्यास ओपीडीची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा. मानसिक त्रासासाठी टेली-मानस, 14416. मोफत, 24 तास.